पट्टी भरावी कोणी, मत द्यावें कोणी?

ज्याच्या घरांतून पट्टी जाते, त्याला ती कोण बसवितो हें विचारण्याचा हक्क आहे. या एका प्रश्नावरून अमेरिकेंत एक राज्य मोडलें व दुसरें उभें राहिलें. इ. स. १७६५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें तेथील वसाहतींवर स्टँपाचा कर बसविला. वसाहतवाल्यांनीं विचारिलें, त्या पार्लमेंटांत आमचा एक तरी प्रतिनिधि आहे काय? एकहि नव्हता. दुसऱ्याच वर्षीं तो कर मागें घ्यावा लागला. परंतु कर बसविण्याचा हट्ट सुटला नाहीं. चहावरील करापायीं १७७३ सालीं बोस्टन बंदरांत चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत गेल्या, आणि १७७६ सालीं वसाहतींनीं स्वातंत्र्य पुकारलें.

१७८७ च्या राज्यघटनेंत हा धडा लिहून ठेविला आहे. कराचें बिल आधीं प्रतिनिधिगृहांतच निघालें पाहिजे. कारण त्या गृहाच्या सभासदांस दर दोन वर्षांनीं मत मागावयास लोकांच्या दारीं यावें लागतें.

येथवरची गोष्ट सांगून टाळ्या घेणारे पुष्कळ आहेत. आम्ही पुढची सांगतों. त्याच घटनेंत पांच गुलामांचीं तीन माणसें धरून धन्यांच्या राज्यांना जादा प्रतिनिधि मिळत. गुलामाला मात्र मत नव्हतें! १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें गेली. त्या कामीं झटलेल्या अमेरिकन लोकांस जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें.

१८७० च्या दुरुस्तीनें वर्णावरून मत नाकारण्यास बंदी झाली. तेव्हां दक्षिणेंतील सत्ताधाऱ्यांनीं दुसरी युक्ति काढली: आधीं डोईपट्टी भरा, मग मत द्या! मिसिसिपी राज्यानें १८९० सालीं दोन डॉलरांची पट्टी घातली. तींत काळा-गोरा हा शब्द नाहीं. पण वांट्यानें जमीन कसणाऱ्या काळ्या कुळाजवळ रोकड कोठून असणार? गरीब गोरा शेतकरीहि त्याच जात्यांत भरडला गेला. 'मत नाहीं तर कर नाहीं' असें म्हणून जन्मलेल्या देशांत 'कर नाहीं तर मत नाहीं' असा उलटा न्याय झाला! राष्ट्रीय निवडणुकांतून ही पट्टी जावयास १९६४ साल उजाडलें. राज्यांच्या निवडणुकांतून ती सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं काढविली. खटला होता व्हर्जिनियाच्या अवघ्या दीड डॉलराचा!

आजहि राजधानी वॉशिंग्टनचे सुमारे सात लाख रहिवासी मध्यवर्ती सरकारचा कर भरतात. पण सेनेटांत त्यांचा कोणी नाहीं. आणि प्रतिनिधिगृहांत त्यांचा जो एक प्रतिनिधि बसतो, त्याला बोलतां येतें, पण कायदा पास करतांना मत देतां येत नाहीं.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, घटनेंत वाक्य लिहिलें म्हणजे हक्क घरीं चालत येत नाहीं. आडांत पाणी किती हें पोहरा सोडून पाहावें लागतें. तसेंच कोणत्याहि देशांतील लोकसत्ता पाहावयाची तर पट्टीच्या वहींत कोणाचीं नांवें आहेत आणि मतदारांच्या यादींतून कोणाचीं गळालीं आहेत, हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचावे.