विश्लेषण : शाळेत मुलंच मुलांना छळतात, तेव्हा जबाबदारी कुणाची?

मधल्या सुट्टीत रोज एकाच मुलाचा डबा हिसकावला जातो. एखादीला तिच्या रंगावरून किंवा आडनावावरून वर्षभर चिडवलं जातं. वसतिगृहात मोठी मुलं लहानांकडून कपडे धुऊन घेतात, नाही म्हटलं तर मारतात. पालक शाळेत गेले की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं, 'मुलांची भांडणं आहेत, मिटतील.'

हे उत्तर देऊन शाळेची जबाबदारी संपते का? कायद्यानुसार नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून असा कायदा आहे, ज्यात तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही शिक्षेस पात्र ठरतो. मात्र या सगळ्या जबाबदाऱ्या 'शाळेला कळल्यानंतर' सुरू होतात आणि मुलासाठी सगळ्यात अवघड गोष्ट असते ती सांगणं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने हे शाळा सुरू असताना नव्हे, तर दिवाळीच्या सुट्टीत दाखवून दिलं होतं.

बुलढाण्यात काय घडलं होतं?

नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातल्या पाळा येथील खासगी अनुदानित आदिवासी आश्रमशाळेत मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. मुली दिवाळीसाठी घरी गेल्या, तेव्हा एका मुलीने घरच्यांना त्रास सांगितला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचलं. मुख्याध्यापक आणि संस्थेशी संबंधित लोकांसह दहाहून अधिक जणांना अटक झाली. काहींवर माहिती असूनही ती दडवल्याचा आरोप होता. तपासासाठी विशेष पथक नेमण्यात आलं आणि शाळेची मान्यता रद्द करण्यात आली.

हे प्रकरण विद्यार्थ्यांमधल्या दादागिरीचं नव्हतं. आरोप मोठ्या माणसांवर होते आणि गुन्हा कितीतरी गंभीर होता. तरी या विषयात ते आठवावं लागतं, कारण गोष्ट बाहेर आली ती शाळेतून नाही, घरातून. मुली राहत होत्या त्या आवारात शिक्षक होते, अधीक्षक होते, कर्मचारी होते. पण बोलण्यासाठी त्यांना गावी जावं लागलं. छळणारा मोठा माणूस असो की वरच्या वर्गातला मुलगा, निवासी शाळेतल्या मुलापुढे हाच प्रश्न असतो. ज्यांच्या हाती आपलं जेवण, झोपणं आणि सुट्टी आहे, त्यांच्याच विरोधात किंवा त्यांच्याच नाकाखाली घडलेलं कुणाला सांगायचं?

जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत आदिवासी वस्ती आहे. आश्रमशाळांवर देखरेख ठेवणारं आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय मात्र शेजारच्या जिल्ह्यात, अकोल्याला आहे. तक्रार घेऊन तिथे जायचं म्हणजे मजुरीवर जगणाऱ्या पालकाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

भांडण कुठे संपतं आणि छळ कुठे सुरू होतो?

प्रत्येक भांडण म्हणजे बुलिंग नाही. या विषयाचा पाया घालणारे नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो वारंवार होतो आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद अंगाचीच असते असं नाही. वय, जात, पैसा, वडिलांचं गावातलं वजन, मित्रांची संख्या यातूनही ती येते. दोन सारख्या ताकदीची मुलं क्रिकेटवरून एकदा हमरीतुमरीवर आली, तर शिक्षकाने समजूत काढणं पुरेसं असतं. पाच जण मिळून एकाला रोज गाठत असतील, तर 'दोघांनीही माफी मागा' म्हणणं अन्याय ठरतं.

हा प्रकार किती पसरलेला आहे? युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून सांगितलं की, जगात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला आधीच्या महिनाभरात एकदा तरी सोबतच्या मुलांकडून असा त्रास झाला होता.

१९९९ चा कायदा शाळांनाही लागू होतो का?

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ म्हटलं की वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयंच डोळ्यांसमोर येतात. मुंबईत २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर हा कायदा पुन्हा चर्चेत आला, तोही वैद्यकीय महाविद्यालयामुळेच. पण कायद्यातली 'शैक्षणिक संस्था' ही व्याख्या महाविद्यालयापाशी थांबत नाही. शिक्षण देणारी इतर कोणतीही संस्था, तिला जोडलेलं वसतिगृह, अनाथालय आणि शिकवणी वर्गही तिच्यात येतात.

'रॅगिंग'ची व्याख्याही रुंद आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वाटेल असं वर्तन तिच्यात मोडतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, मारहाण आणि मनाविरुद्ध काही करायला लावणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुख्याध्यापकांची जबाबदारी काय?

या कायद्याची खरी धार कलम ६ आणि ७ मध्ये आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार केली, तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं, तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल, तर तक्रारदाराला तसं लेखी कळवायचं. म्हणजे कोणत्याही बाजूने उत्तर देणं भाग आहे, गप्प बसण्याची मुभा नाही.

संस्थाप्रमुखाने हे केलंच नाही किंवा हयगय केली, तर त्याने रॅगिंगला चिथावणी दिली असं कायदा मानतो. गुन्हा सिद्ध झाल्यास रॅगिंग करणाऱ्याला जी शिक्षा, तीच त्यालाही.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर नियम आणखी कडक आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडू शकतो असं वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इथे लेखी तक्रारीची वाट पाहायची नसते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी संस्थेत चौकशी करू, मग पाहू' ही सवय इथे थेट गुन्हा ठरते.

विदर्भातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथील वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवरील अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि कळवण्याच्या बंधनाकडे काणाडोळा करता येणार नाही, असं स्पष्ट केलं.

वर्गशिक्षक आणि वसतिगृह अधीक्षकांचं काय?

१९९९ चा कायदा मुख्यतः संस्थाप्रमुखाला पकडतो. पण मैदानात, जिन्यात, स्वच्छतागृहाजवळ काय चाललंय हे आधी दिसतं ते वर्गशिक्षक, शिपाई आणि स्वयंपाकीण मावशींना. त्यांच्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ महत्त्वाचं आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे, त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर तो गुन्हा आहे. मुलांची काळजी घेण्याची जबाबदारी सोपवलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला किंवा चालकाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळा व्यवस्थापनाचं उत्तरदायित्व निश्चित करणं हाच त्यांचा हेतू होता. ती राज्यांनी अमलात आणावीत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिले.

इतके कायदे असताना 'मिटवामिटवी' का होते?

पहिलं कारण म्हणजे कायद्याचा कडकपणा. रॅगिंग कायद्यात दोषी विद्यार्थ्याला काढून टाकण्याची आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश न देण्याची तरतूद आहे. वीस वर्षांच्या तरुणासाठी लिहिलेलं हे कलम सातवीतल्या मुलाला लावायचं कसं? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तर सांगतं की, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत म्हणजे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. बाल न्याय नियमांनुसार अल्पवयीन मुलावर किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात प्राथमिक माहिती अहवाल नोंदवला जात नाही, डायरीत नोंद घेऊन मंडळाला कळवलं जातं. मुलाच्या आयुष्याचं नुकसान नको म्हणून मुख्याध्यापक कडक कलम टाळतात. त्यात माणुसकीही असते. पण कलम टाळताना चौकशीही टाळली जाते, तिथे चूक होते.

दुसरं कारण माणसांचं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद दीडशेहून अधिक पटानंतर येतं. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या खेड्यांत अशा दोन शिक्षकी शाळांमध्ये जो शिक्षक दोन वर्ग एकाच वेळी सांभाळतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो आणि ऑनलाइन माहिती भरतो, तोच कायद्याने 'संस्थाप्रमुख' असतो.

तिसरं कारण नाव जाण्याची भीती. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्यामुळे शाळेची बदनामी हा तिथे पोटाचा प्रश्न होतो. खासगी संस्थेत कारवाईचा अधिकार संस्थाचालकांकडे असतो आणि गोष्ट दाबण्यात त्यांचंच हित असेल, तर शिक्षक एकटा पडतो.

तक्रारपेटी आणि 'सखी सावित्री'चा उपयोग होतो का?

राज्यात शाळांमध्ये तक्रारपेटी लावण्याचा आदेश २०१७ चा आहे. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर 'सखी सावित्री' समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या घटनेनंतर २१ ऑगस्टला नवा शासन निर्णय निघाला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या हेच मुद्दे पुन्हा आले आणि अनुचित प्रकार २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन घालण्यात आलं. सात वर्षांत एकच सूचना पुन्हा काढावी लागते, यातच तिच्या अंमलबजावणीचं उत्तर आहे.

पेटीची अडचण साधी आहे. ती बऱ्याचदा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर असते. चिठ्ठी टाकताना सगळे बघतात आणि अक्षर ओळखू येतं. दुसरीतल्या मुलाला तक्रार लिहिताच येत नाही. घरी कोरकू किंवा भिलाली बोलणाऱ्या मुलाला मराठीत त्रास सांगणं आणखी कठीण. सीसीटीव्ही मारहाण टिपेल, पण रोजचा टोमणा टिपणार नाही.

ओल्वेयस यांचा कार्यक्रम नॉर्वेत १९८३ मध्ये सुरू झाला, तो तीन मुलांच्या आत्महत्यांनी देश हादरल्यानंतर. त्यात भर होता तो मोठ्यांच्या वागण्यावर. सुट्टीत मैदानावर शिक्षक हजर असणं, वर्गात नियमित चर्चा, त्रास दिसला की लगेच मध्ये पडणं, दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलणं. यातल्या बहुतेक गोष्टींना निधी लागत नाही. मधल्या सुट्टीची पाळी लावणं आणि प्रत्येक मुलाला महिन्यातून एकदा एकटं गाठून 'कसं चाललंय' विचारणं दोन शिक्षकी शाळेतही शक्य आहे.

पालकांनी काय करावं?

तोंडी सांगून थांबू नये. १९९९ च्या कायद्यातले सात दिवस लेखी तक्रारीपासून मोजले जातात. अर्जात तारखा, ठिकाण आणि घटना लिहावी, पोच घ्यावी. सात दिवसांत उत्तर आलं नाही, तर पोच जोडून गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, आश्रमशाळा असेल तर प्रकल्प कार्यालयाकडे. लैंगिक त्रासाची शंका असेल, तर थेट पोलिसांकडे जावं. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी विनामूल्य आहे. व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुसू नयेत, आणि दुसऱ्या मुलाला गाठून दम देऊ नये, त्याने आपल्याच मुलाची बाजू कमकुवत होते.

कायद्यात काय बदल हवा?

शाळकरी वयाला साजेसा स्वतंत्र नियम ही पहिली गरज आहे. त्यात लहान मुलाला गुन्हेगार न ठरवता समुपदेशन आणि पालकांसोबत बैठक असावी, पण मोठ्यांची जबाबदारी आजच्याइतकीच कडक राहावी. दुसरी गरज आहे ती 'लेखी' या अटीवर फेरविचाराची. मुलाने तोंडी सांगितलेलं शिक्षकाने स्वतः नोंदवून घेणं बंधनकारक झालं, तर सात दिवसांचं घड्याळ सुरू करण्यासाठी दहा वर्षांच्या मुलाला अर्ज लिहावा लागणार नाही.

पाळ्याच्या मुलींना बोलण्यासाठी दिवाळीची वाट पाहावी लागली. शाळेची जबाबदारी तपासायची असेल, तर हजेरीपटाइतकाच एक प्रश्न विचारायला हवा. या शाळेतल्या मुलाला आज, सुट्टीआधी, आपला त्रास कुणाला सांगता येईल? त्या प्रश्नाला एका माणसाचं नाव उत्तर म्हणून मिळत नसेल, तर पेटी भिंतीवर असली काय आणि नसली काय.