काच फुटू नये, पण खिडकी उघडावी

वादळाची बातमी आली की काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची, ही सवय अजून गेलेली नाही. पट्टीने काच मजबूत होत नाही. उलट फुटलेले तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि मोठी, जड फाळकी अंगावर येतात.

साधी काच फुटली की तिची सुऱ्यासारखी पाती होतात. खालच्या पोरांचा सीझन बॉल हॉलच्या खिडकीवर बसला, तर आठवडाभर सोफ्याखालून कुसळे निघत राहतात. मग फॅब्रिकेटर येतो आणि सांगतो, ‘टफन टाका, टेन्शन नाही.’ त्याचे चूक नाही. ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची असते आणि फुटली तर तिचे बोथट खडे होतात. पण फुटते ती सगळीच्या सगळी. कडेला टोकदार टिचकी बसली तरी पुरते. क्वचित आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे कोणी हात न लावताही फुटते. चौकट रिकामी होते, चोराची सोय होते आणि दहाव्या मजल्यावरचे खडे खाली उभ्या असलेल्यावर पडतात.

लॅमिनेटेड काचेचे तसे नाही. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेचे भांडे पडले. ते तडकले, पण विखुरले नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. गाडीची पुढची काच याच तत्त्वावर बनते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो; तडे गेले तरी काच जागेवर राहते. वरच्या मजल्यावर एकच खिडकी बदलायची असेल तर मी हीच घेईन. मात्र ती महाग आहे, शिवाय जाड घेतली तर जड. जुन्या स्लायडिंगचे रोलर आणि सेक्शन ते वजन पेलतील का, हे आधी बघावे लागते. भाड्याच्या घरात सेफ्टी फिल्म परवडते, पण ती चौकटीला नीट धरलेली नसेल तर तडकलेली काच फिल्मसकट अख्खी बाहेर येते. (उन्हासाठी लावतात ती पातळ फिल्म वेगळी.)

खरी अडचण पुढेच आहे. न फुटणारी काच आग लागली की आपल्यालाही फुटत नाही. ग्रिलचे तेच. रांगते मूल असलेल्या घराला ग्रिल काढा असे कोणी सांगू नये, मीही सांगणार नाही. पण धूर भरला की तोच पिंजरा होतो आणि अग्निशमन दलाच्या जवानांना गज कापत बसावे लागते. म्हणून ग्रिलला आतून उघडणारे एक दार हवे. कडी मुलाच्या हाताला न लागणारी हवी, कुलूप घातलेच तर किल्ली जवळच खिळ्याला, कपाटात नव्हे. एवढ्याने मुलाची काळजी पूर्ण मिटत नाही, चोराचीही नाही. तरी हा धोका मला पत्करण्यासारखा वाटतो. त्या दारासमोर तुळस, कोरफड आणि रिकाम्या कुंड्या रचून ठेवल्या नाहीत, म्हणजे झाले.

आमच्या ग्रिलला असे दार आहे. परवा उघडून पाहिले. मागच्या रंगकामात कडीवर ऑइलपेंट चढला होता. पक्कड लावून अर्धा तास झगडल्यावर ती हलली.