अस्मानी नव्हे, सुलतानी!

जुना तलाव फुटला, खालची वस्ती वाहून गेली, की दुसऱ्या दिवशी जबाबदार माणसांच्या तोंडी एकच वाक्य असते : पाऊसच असा झाला की माणसाचा इलाज चालला नाही. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण रात्री फुटले व झोपलेली माणसे पाण्याने ओढून नेली, तेव्हा तर राज्याच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले! खेकडे बिळे करतात हे खरे; परंतु ती बिळे बुजविण्यासाठी नेमलेली माणसे कोठे होती, हा सवाल खेकड्यांना विचारून चालणार नाही.

हा अस्मानीचा बहाणा किती जुना आहे आणि किती खोटा आहे, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील जॉन्सटाउनचा इतिहास वाचावा. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्याला पाणी पुरविण्यासाठी साउथ फोर्क येथे मातीचे धरण बांधले. ते १८५३ साली पुरे झाले, आणि आगगाडी आल्यामुळे कालवाच निरुपयोगी ठरला. १८६२ साली धरणाला भगदाड पडले. पुढे एका मालकाने तळाशी असलेले लोखंडी विमोचक नळ उपटून मोडीत विकले. १८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांचा शिकार-मासेमारी क्लब त्या जागेचा धनी झाला. कार्नेगी, फ्रिक, मेलन अशी कुबेरांची मांदियाळी त्याच्या सभासदांत होती. भगदाड कसेबसे बुजविण्यात आले, पण नळ पुन्हा बसविले नाहीत. दोन गाड्या शेजारून जाव्यात म्हणून धरणमाथा कापून खाली आणला. विकत आणलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या ठोकल्या. जो सांडवा धरणाचा प्राण, त्याचाच गळा माशांसाठी आवळला गेला!

कोणी सावध केले नव्हते असे म्हणावे, तर तेही नाही. खाली चौदा मैलांवर जॉन्सटाउन होते. तेथील केंब्रिया लोखंड कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली जॉन फुल्टन या अभियंत्याकडून धरणाची पाहणी करविली. पाणी सोडण्यास मार्ग नाही आणि डागडुजीच्या जागी मोठी गळती आहे, हे दोन दोष फुल्टन यांनी स्पष्ट लिहून दिले. मॉरेल खर्चाचा वाटा उचलण्यास तयार होते. क्लबाच्या अध्यक्षांनी उत्तर धाडले, आमच्या उद्योगापासून तुम्हांस भय नाही. नऊ वर्षांनी, ३१ मे १८८९ रोजी दुपारी, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि धरण फुटले. तासाभरात जॉन्सटाउन बुडाले. २,२०९ माणसे मेली. नव्व्याण्णव कुटुंबांत दिवा लावण्यास कोणी उरले नाही. न्यायालयांत क्लबाकडून एका कुटुंबालाही नुकसानभरपाई मिळाली नाही. ईश्वरी कोप, असा निवाडा पडला. कार्नेगी यांनी मागाहून त्या गावास वाचनालय बांधून दिले!

त्या काळच्या नामवंत अभियंत्यांच्या समितीनेही, माथा कापला नसता तरी धरण फुटलेच असते, असा निर्वाळा दिला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या संशोधनाने तो निर्वाळा खोडून काढला. माथा कापल्याने धरणाची पूर सोसण्याची शक्ती मोठ्या प्रमाणात घटली होती, असे गणिताने दाखवून दिले. सत्य बाहेर यावयास सव्वाशे वर्षे लागली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

“इतकी वर्षे टिकले, म्हणजे मजबूतच आहे,” हा दुसरा बहाणा. मातीचे धरण म्हातारे होते ते आतून. दगडी भिंतीवरून घटकाभर पाणी वाहिले तरी ती बहुधा तग धरते. मातीच्या भरावावरून ते वाहू लागले की धार माती कापीत जाते आणि मग ती कोणाच्याही हाती राहत नाही. झाडांची मुळे कुजली की भरावात पोकळी राहते; जुन्या नळाभोवतीचा पाझर कण कण माती बाहेर नेतो. निर्मळ पाझरापेक्षा गढूळ पाझराची धास्ती अधिक, कारण गढूळ पाण्यातून धरणच वाहून जात असते.

आपल्या संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, आणीबाणीची योजना, हे सारे त्यात आहे. परंतु तो लागू आहे पंधरा मीटरांहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांतील काहींना. त्याखालच्या बांधाला हा कायदा ओळखत नाही. गावोगावचे जुने तलाव, ज्यांच्या बांधावर आपण संध्याकाळी वारा खातो, ज्यांत नावा फिरतात व काठी बागा उठतात, त्यांपैकी बहुतेक याच पट्टीत बसतात. पाणी मात्र बांधाची उंची विचारून माणसे बुडवीत नाही!

सुशोभनाला पैसा आहे, रंगीत दिव्यांना आहे, कारंज्यांना आहे. सांडव्यातील झुडपे तोडण्यास तेवढा नाही! आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तलावाचा धनी कोण, हे बांधावर पाटी लावून जाहीर करावे. मृगाआधी अभियंत्याने पाहणी करावी आणि तिचा अहवाल नगरपालिकेच्या दाराशी लावावा. सांडवा मोकळा, विमोचक चालू, भराव झाडाविना, हे तिन्ही सिद्ध होईपर्यंत सुशोभनावर एक रुपया खर्चू नये. खालच्या वस्तीला इशारा कोण देणार व लोकांनी कोठे जावयाचे, हे आजच ठरवावे.

आणि नागरिकहो, उद्या फिरावयास जाल तेव्हा पाण्याकडे पाठ करा आणि बांधाच्या उतरत्या अंगाकडे पाहा. ओल दिसली, भेग दिसली, गढूळ झरा दिसला, तर तारीख घालून लेखी अर्ज द्या व पोच घ्या. पूर ओसरल्यावर जेव्हा कोणी आकाशाकडे बोट दाखवील, तेव्हा ती पोच त्याच्यापुढे ठेवता आली पाहिजे.