प्लेटमधली पेशी आणि घरातला रुग्ण



आठवीतल्या एका मुलीने तास संपल्यावर वही पुढे केली. मोबाईलवर आलेलं वाक्य तिने उतरवून आणलं होतं, 'गवती चहाच्या तेलाने कॅन्सरच्या पेशी मरतात.' म्हणाली, "सर, आत्याची केमो चालू आहे. ती थांबवून हे दिलं तर?"

अडचण अशी की ते वाक्य खोटं नाही. पण ते कुठलं आहे, हे मुलांना कोण सांगणार?

ही चाचणी अशी होते. पाला वाफेवर ठेवून तेल काढतात. ९६ छोट्या खळग्यांच्या प्लास्टिक प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या द्रावकात विरघळवून कमी-जास्त प्रमाणात घालतात. एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा रंग जितका कमी, तितक्या जिवंत पेशी कमी. झाली चाचणी!

आता सांगा, त्या खळग्यात फिनेल ओतलं असतं तर? पेशी मेल्याच असत्या. म्हणून खरे प्रश्न पुढेच आहेत. निरोगी पेशी वाचल्या का? तेवढं तेल रक्तात पोचेल का? यकृत ते सोसेल का? नुसता द्रावक घातलेल्या खळग्यात काय झालं? शिवाय ही तेलं उडून जाणारी. शेजारच्या खळग्यातही वाफ शिरते आणि निकाल फसवा येतो.

वनस्पतींतून औषध मिळत नाही, असं मी म्हणत नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. पण तो पानांचा काढा नव्हे. शुद्ध केलेलं, मोजून शिरेतून दिलेलं औषध आहे ते. पॅसिफिक यू झाडाच्या सालीचे नमुने १९६२ साली गोळा झाले. त्यातल्या टॅक्सॉलला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ साली. मधली तीस वर्षं त्या मोबाईलवरच्या वाक्यात कुठेच नसतात.

मी तिला म्हटलं, "बाळ, चहा प्यायचा की नाही, हेसुद्धा आत्याच्या डॉक्टरांना विचारा. इंजेक्शन मात्र चुकवू नका."

आपण विज्ञानात व्याख्या पाठ करून घेतो. त्यासोबत एवढा एक प्रश्न विचारायची सवय लावूया: 'हे कुठे तपासलं? प्लेटमध्ये, उंदरात, की माणसात?' परीक्षेत त्याला गुण नसतील, पण एखाद्या घरातली आत्या वाचेल.