कॅश म्हणजे रोकड नव्हे!

गेल्या महिन्यातील गोष्ट. आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. त्यावर मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, वडील मंडळी भविष्य निर्वाह निधीचा हिशेब पाहतात. एका संध्याकाळी बिगारीकाम करणाऱ्या आमच्या एका बांधवाची मुलगी तेथे रडवेली होऊन बसली होती. अर्ज भरला, पोचपावती पडद्यावर आली, पण प्रिंटरची शाई संपलेली. "उद्या काढू" म्हणून तिने पान बंद केले. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाने पावती मागितली आणि अर्जाची साइट काही केल्या उघडेना. मुदत उरली दोन दिवसांची.

शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, उघडलेले पान ब्राउझरच्या कॅशमध्ये असतेच. ते काढून देणारे एक्स्टेन्शन फुकट मिळते. टाकू का?" आम्ही पडलो बी. कॉम.; कॅश म्हटले की आम्हाला रोकडवहीच आठवते! ही कॅश मात्र निराळी.

कचेरीत जी फाईल वारंवार लागते ती कारकून दर वेळी रेकॉर्ड रूममधून मागवत नाही, टेबलाच्या खणात ठेवतो. ब्राउझरही तेच करतो. एकदा आणलेली चित्रे, पाने, अक्षरांचे साचे तो संगणकावर जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा आणायला वेळ व डेटा लागत नाही. हा खण म्हणजे कॅश. प्रत्येक फाईलवर पाठवणाऱ्या साइटचा शेराही असू शकतो: 'इतका वेळ ठेवा', 'वापरण्यापूर्वी विचारा' किंवा 'मुळीच ठेवू नका'.

आणि एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या हाताखाली ठेवलेला बाहेरचा मदतनीस. या मदतनिसाला खणाची किल्ली मिळते का? पूर्वी फायरफॉक्समध्ये मिळत असे. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स ब्राउझरच्या आतील यंत्रणेपर्यंत पोचून कॅशमधील फायली वाचू शकत. नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्सची 57 वी आवृत्ती आली आणि ती पद्धत बंद झाली. आज क्रोम असो वा फायरफॉक्स, एक्स्टेन्शनला खण रिकामा करण्याची परवानगी मागता येते. अमुक फाईल खणातून आली की बाहेरून, हेही कळू शकते. परंतु खण उघडून आतील फायलींची यादी वाचण्याची सोय त्याला दिलेली नाही. फार तर "जुनी प्रत असेल तर तीच दे" अशी विनंती तो एखाद्या पत्त्यासाठी करू शकतो. प्रत नसेल तर ब्राउझर सरळ साइटकडेच धाव घेतो, आणि साइट तर बंद!

किल्ली का दिली नाही? कारण खणात माणसाची दिनचर्या असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन व मायकेल श्नायडर यांनी 2000 साली दाखवून दिले की, एखादी फाईल किती चटकन उघडते एवढ्या वेळावरूनही परकी साइट ओळखू शकते की हा माणूस अमुक ठिकाणी जाऊन आला आहे. दवाखान्याची साइट पाहिली की कर्जाची, हे दुसऱ्याला का कळावे? पुढे क्रोमने 2020 साली व फायरफॉक्सने 2021 साली खणाचे साइटवार कप्पे पाडले, ते याच कारणाने.

मग ते फुकटचे एक्स्टेन्शन काय करणार होते? आम्ही त्याची परवानगीची पाटी वाचायला लावली. 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे' असे त्यात लिहिले होते. म्हणजे कालची पावती मिळण्याची खात्री नाही, पण उद्या त्याच संगणकावर कोणी बँकेचे पान उघडले तर ते वाचण्याची मुभा मात्र पक्की! आम्ही नको म्हटले.

फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी 'अबाउट:कॅश' असे इंग्रजीत लिहिले की ब्राउझर स्वतःच आपला खण दाखवतो. त्याला एक्स्टेन्शन लागत नाही. तेही करून पाहिले. साइटचे बोधचिन्ह सापडले, पावती नाही. आश्चर्य नाही, नाव-गाव-खाते क्रमांक असलेल्या पानांवर बहुधा 'ठेवू नका' हाच शेरा असतो, आणि तो आपल्याच हिताचा आहे. शेवटी रात्री उशिरा साइट चालू झाली, मुलीने आपल्या खात्यात जाऊन पावती पुन्हा काढली. सकाळी ती महाविद्यालयात पोचली.

वाचकहो, यातून आपल्या घरांनी एवढे घ्यावे. पावती पडद्यावर येताच, शाई असो वा नसो, छपाईच्या खिडकीतून ती 'पीडीएफ' म्हणून जतन करावी व अर्ज क्रमांक वहीत लिहावा. कॅश ही ब्राउझरची सोय आहे, आपले दप्तर नव्हे. तो ती केव्हाही रिकामी करतो. एक्स्टेन्शन घेताना परवानगीची पाटी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि काम एका साइटचे असताना मागणी सगळ्यांची असेल तर नकार द्यावा. सामायिक संगणकावर खाजगी खिडकी वापरावी. आपण वेगळी मुभा दिल्याशिवाय एक्स्टेन्शन्स तिच्यात चालत नाहीत, आणि ती बंद केली की तिचा खणही रिकामा होतो.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे आपल्या आजोबांना सावकाराने शिकवले. 'परवानगी द्या' हे बटण म्हणजे आजचा अंगठाच आहे.