सर्वांत वेगवान प्रोसेसर : गरज की हौस?

विशेष प्रतिनिधी

श्रीरामपूर : बारावीचा निकाल लागला आणि लोणी, कोपरगाव, संगमनेर किंवा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेश निश्चित झाला, की अनेक घरांत नव्या संगणकाचा विषय निघतो. मुलाच्या हातात सुट्या भागांची यादी असते आणि यादीच्या अग्रभागी असतो बाजारातील सर्वांत महागडा प्रोसेसर. वडील किमतीचा आकडा पाहतात. ऊसबिलाचा हप्ता, बहिणीचे शुल्क, पेरणीचा खर्च असा हिशेब मनातल्या मनात मांडतात आणि अखेर एकच प्रश्न विचारतात, 'एवढा लागतोच का?' मुलाला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. वास्तविक संगणक क्षेत्रातील जाणकारही गेली वीस-पंचवीस वर्षे याच प्रश्नाभोवती घुटमळत आहेत आणि त्यांचे उत्तर बहुतांशी वडिलांच्या बाजूने झुकणारे आहे.

'हौशी' शब्दाचा उलटा प्रवास

संगणकाचा हौशी म्हणजे सर्वांत महाग वस्तू घेणारा, ही समजूत फार जुनी नाही. १९९८ मध्ये इंटेलने 'सेलेरॉन ३००ए' हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा अधिकृत वेग ३०० मेगाहर्ट्झ. तथापि, मदरबोर्डवरील एक जोडणी बदलली की तो ४५० मेगाहर्ट्झवर चालतो, हे हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि कितीतरी अधिक किमतीच्या पेंटियमच्या पंक्तीला तो जाऊन बसला. कमी पैशांत अधिक काम करून घेण्याची ही कारागिरी होती आणि हौस या शब्दाचा अर्थही तोच होता.

२००३ मध्ये चित्र पालटले. इंटेलने 'पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन' आणि एएमडीने 'ॲथलॉन ६४ एफएक्स' बाजारात आणले. हौशी ग्राहक हा आता जाहिरातीचा एक स्वतंत्र वर्ग झाला. तेव्हापासून सर्वांत वरच्या पायरीची किंमत तिच्या उपयुक्ततेशी फटकूनच राहिली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखल झालेल्या 'कोअर आय९-१४९००के'ची जाहीर किंमत ५८९ डॉलर होती, तर त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या एएमडीच्या सहा गाभ्यांच्या 'रायझन ५ ७६००'ची २२९ डॉलर. भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो. अडीचपट किंमत मोजून अडीचपट काम मिळते का, हा खरा मुद्दा आहे.

गाभे वाढले, काम वाढले का?

वेग वाढवत नेण्याची स्पर्धा २००४ मध्येच भिंतीला धडकली. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याची घोषणा इंटेलला त्या वर्षी मागे घ्यावी लागली, कारण वेगाबरोबर वाढणारी उष्णता आवरेना. त्यानंतर एकाच चकतीवर दोन, चार, आठ, सोळा असे गाभे बसविण्याचा मार्ग कंपन्यांनी धरला. १४९००के मध्ये २४ गाभे आहेत, पैकी आठ वेगवान आणि सोळा कमी विजेवर चालणारे.

गाभे दुप्पट झाले म्हणून काम निम्म्या वेळात होत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच याचे गणित मांडले होते. एखाद्या कामाचा निम्मा भागच वाटून करता येण्यासारखा असेल, तर आठ गाभ्यांवर ते एका गाभ्याच्या १.७८ पट वेगाने होते आणि सोळा गाभ्यांवर १.८८ पट. गाभे दुप्पट, फायदा जेमतेम पाच-सहा टक्के. कामाचा ९० टक्के भाग वाटता येत असेल, तर मात्र हेच आकडे ४.७ आणि ६.४ होतात. एका विहिरीवर एकच मोट असेल, तर बैलांच्या सोळा जोड्या आणून उपयोग नसतो. आधी मोटा किती लावता येतील, ते पाहावे लागते.

श्रीरामपूरसारख्या शहरात संगणकावर चालणारी कामे या कसोटीवर लावून पाहता येतात. टॅलीवरील हिशेब, शाळा-महाविद्यालयांचे अर्ज, निमंत्रणपत्रिका आणि फ्लेक्सची मांडणी, बांधकामाचे ऑटोकॅडमधील नकाशे ही बहुतेक कामे एका वेळी एकाच गाभ्यावर भार टाकतात. त्यांना सोळा-चोवीस गाभ्यांचा उपयोग नाही. एक चपळ गाभा, पुरेशी रॅम आणि चांगली एसएसडी त्यांना हवी असते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यावर जो फरक जाणवतो, तो प्रोसेसर बदलून क्वचितच जाणवतो.

गेमचे गणित

यादी घेऊन येणाऱ्या मुलांच्या मनात अर्थातच गेम असतात. येथे पहिला विचार पडद्याचा करावयास हवा. साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हा अवधी ७ मिलिसेकंदांच्या आत येतो. प्रोसेसर सेकंदाला २०० चित्रांची तयारी करू शकत असेल आणि पडदा ६० च दाखवत असेल, तर उरलेली क्षमता पैशांसह वाया जाते. पडद्याची सुस्पष्टता वाढवत नेली, की भार ग्राफिक्स कार्डावर पडतो आणि मधल्या व वरच्या किमतीच्या प्रोसेसरमधील अंतर जवळपास पुसले जाते.

याला अपवाद आहेत. स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ अतिवेगवान पडद्यावर खेळणाऱ्यांना किंवा शहरे, साम्राज्ये उभारण्याच्या खेळांत शेकडो घटकांचा हिशेब करावा लागणाऱ्यांना प्रोसेसरचा फरक जाणवतो. परंतु तेथेही सर्वांत महाग तोच सर्वांत चांगला, असे घडलेले नाही. एप्रिल २०२३ मध्ये ४४९ डॉलरना आलेला आठ गाभ्यांचा 'रायझन ७ ७८००एक्स३डी' हा ९६ मेगाबाइटच्या मोठ्या कॅश स्मृतीच्या बळावर अनेक गेममध्ये सोळा आणि चोवीस गाभ्यांच्या महागड्या प्रोसेसरांच्या बरोबरीने, काही ठिकाणी पुढेही राहिला आणि वीज मात्र बरीच कमी घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला इंटेलचा 'कोअर अल्ट्रा ९ २८५के' तर अनेक गेममध्ये आपल्याच घराण्यातील आदल्या पिढीच्या मागे पडला. अद्ययावत म्हणजे सरस, हे समीकरणही त्यामुळे डळमळले.

मे महिन्यातील श्रीरामपूर

प्रोसेसरच्या चाचण्यांचे जे आकडे मुले पाहतात, ते बहुधा वातानुकूलित किंवा थंड प्रदेशांतील खोल्यांमध्ये घेतलेले असतात. श्रीरामपूरच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. या फरकाचा परिणाम साध्या गणिताने समजू शकतो.

इंटेलचे हे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू दिले जातात, त्यानंतर ते स्वतःहून वेग कमी करतात. एखादा कूलर प्रत्येक वॉटमागे ०.३ अंश तापमानवाढ होऊ देत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांची मोकळीक मिळते आणि २५० वॉट उष्णता बाहेर टाकता येते. खोली ४० अंशांची असेल तर मोकळीक ६० अंशांवर येते आणि तोच कूलर २०० वॉटच हाताळू शकतो. १४९००के चा कमाल वीजवापर २५३ वॉट आहे. म्हणजे ज्या शेवटच्या काही टक्के वेगासाठी सर्वाधिक पैसे मोजले, नेमका तोच भाग उन्हाळ्यात हातचा जातो. संगणक बंद पडत नाही, फक्त विकत घेतलेला वेग मिळत नाही. पंख्याच्या जाळीवर धूळ साचली, की ही घट आणखी वाढते.

यूपीएसचा प्रश्न वेगळाच आहे. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत भार घेतो. २५३ वॉटचा प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला मोठे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला तो पुरत नाही. मग मोठा यूपीएस, अधिक क्षमतेचा पॉवर सप्लाय, द्रवशीतन आणि महाग मदरबोर्ड असा खर्चाचा मारुतीचा शेपूट लांबत जातो. विजेचे बिलही आहेच. दोन यंत्रांच्या वापरात १५० वॉटचा फरक असेल आणि दिवसाला पाच तास ते पूर्ण भाराने चालत असेल, तर महिन्याला साडेबावीस युनिट अधिक लागतात. महावितरणच्या टप्पेनिहाय दरात हे युनिट सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजले जातात.

२०२४ चा धडा

अगदी वरची पायरी नेहमीच सर्वांत भरवशाची असते, हा समजही २०२४ मध्ये मोडला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होतात, गेम आणि प्रणाली मध्येच बंद पडतात, अशा तक्रारी जगभरातून आल्या. त्यांत आय९ मालिकेचे नाव ठळक होते. चुकीच्या सूचनांमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने मान्य केले, ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर या दुरुस्तीने पूर्ववत होत नव्हता, तो बदलूनच घ्यावा लागत होता. लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याहून किंवा ऑनलाइन माल मागविणाऱ्या तालुक्याच्या गावातील ग्राहकाला बदलीची ही प्रक्रिया महानगरातील ग्राहकाइतकी सोपी नसते. वेगाच्या अंतिम टोकापर्यंत ताणलेल्या वस्तूत चुकीला जागा कमी उरते, हा त्याचा अर्थ.

ज्यांना खरोखर लागतो

म्हणून महागडा प्रोसेसर निरुपयोगीच, असे म्हणणे एकांगी ठरेल. त्रिमितीय ॲनिमेशनचे रेंडरिंग, मोठ्या आज्ञावलींचे संकलन, अभियांत्रिकीतील विश्लेषण ही कामे सोळा गाभ्यांत उत्तम वाटली जातात. तेथे वाचलेला वेळ म्हणजे थेट पैसा असतो. लग्नसराईत चित्रफिती संपादित करणाऱ्या व्यावसायिकाचे गणित मधले आहे. अंतिम चित्रफीत रात्री तयार होण्यास लावून तो घरी जात असेल, तर ती दोन वाजता झाली काय आणि चार वाजता झाली काय, सारखेच. पण प्रत्येक बदलानंतर ग्राहक शेजारी ताटकळत असेल, तर अधिक गाभे लवकर पैसे फेडतात. शिवाय चित्रफीत उलगडण्याचे बरेचसे काम प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सचा भाग करतो आणि तो मधल्या किमतीच्या अनेक प्रोसेसरांतही असतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, त्यांत मात्र तो नसतो. संगणकावरच कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करू पाहणाऱ्यांनी तर आधी ग्राफिक्स कार्डाची स्मृती पाहावी, प्रोसेसर नंतर.

येथे पुण्याचे उदाहरण आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. महासंगणक देण्यास अमेरिकेने खळखळ केल्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकारला. त्यात जगातील सर्वांत वेगवान एकच प्रोसेसर नव्हता, बाजारात उपलब्ध असलेले ट्रान्सप्युटर एकत्र गुंफलेले होते. हाती असलेल्या साधनांची योग्य जुळणी करून काम साधणे, हीच त्यामागील दृष्टी होती.

जुने काढायचे केव्हा?

प्रोसेसर बदलण्याचे सर्वांत सबळ कारण अलीकडे वेग नसून प्रणाली हे ठरले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतरचे प्रोसेसर चालतात. त्यामुळे सुस्थितीतील अनेक यंत्रे कागदोपत्री बाद झाली. तरीही त्यासाठी आय९ घेण्याचे कारण नाही, मधल्या किमतीचा नवा प्रोसेसर ही अट सहज पूर्ण करतो. पुढे वाढ करता येईल असा मदरबोर्ड निवडणे अधिक शहाणपणाचे. एएमडीच्या 'एएम४' पद्धतीच्या २०१७ मधील अनेक मदरबोर्डांवर केवळ बायोस अद्ययावत करून २०२२ चा 'रायझन ७ ५८००एक्स३डी' बसविता आला. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी सर्वांत महाग प्रोसेसर घेतला नाही, त्यांनाच ही दुसरी संधी खऱ्या अर्थाने उपयोगी पडली.

हौसेला मोल नसते, हे खरे. शर्यतीचा बैल पाळणारा त्याला नांगराला जुंपत नाही आणि त्याच्या खुराकाचा हिशेबही मांडत नाही. स्वतःच्या कमाईतून कोणी सर्वांत वेगवान प्रोसेसर घेतला, तर त्यात गैर काही नाही. मात्र हौसेला गरजेचे नाव देऊन घरातील इतर गरजांच्या पंक्तीत बसविले, की अडचण होते. खरेदीआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : रोजचे काम कोणते, पडदा कोणता आणि खोलीचे मे महिन्यातील तापमान किती. या तीन ओळी लिहून झाल्यावर बहुतेकांच्या यादीतील पहिली ओळ बदललेली असेल आणि वाचलेल्या रकमेत रॅम, एसएसडी, चांगला मॉनिटर आणि पुरेसा यूपीएस यांची सोय झालेली असेल. वडिलांच्या प्रश्नाला मुलाकडेही मग खरे उत्तर असेल.