भूतकाळ बदलण्याचा अधिकार

गेल्या आषाढात एके दिवशी एक शिक्षक रजेवर असल्यामुळे दहावीच्या वर्गावर माझा तास लागला. बाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता. मैदानावर जाण्याची सोय नव्हती. साहजिकच वर्गात गप्पांना रंग चढला आणि विषय निघाला तो जपानी चित्रमालिकांचा, म्हणजे मुले ज्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात त्यांचा. त्यांतही काळाच्या प्रवाहात मागे जाऊन एखाद्या खुनाचा वा अपघाताचा छडा लावणाऱ्या, किंबहुना तो घडूच न देणाऱ्या नायकांच्या कथा मुलांना विशेष प्रिय दिसल्या. वाद ऐन भरात असता मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “बाई, तुम्हांला मागे जायला मिळाले, तर तुम्ही काय बदलाल?”

तेवढ्यात घंटा झाली आणि मी उत्तर देण्यातून सुटले. प्रश्नातून मात्र सुटले नाही. पुढे सुट्टीत मी त्या मालिका मुद्दाम पाहिल्या, आणि त्या मुलीचे राहिलेले उत्तर आज या वार्षिकाच्या पानांतून देत आहे.

गेलेला काळ पुन्हा हाती यावा ही इच्छा मनुष्याइतकीच जुनी आहे. मराठी वाचकाला तर ही कल्पना मुळीच परकी नाही. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अकस्मात अशा एका जगात जाऊन पोहोचतात की, जेथे १७६१ सालच्या त्या रणात विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठ्यांचा जय झाला. परंतु गंगाधरपंत त्या जगात गेले ते पाहुणे म्हणून. त्यांनी ती गोळी चुकविली नव्हती. ती चुकली असती तर काय झाले असते, एवढेच त्यांनी पाहिले. आजच्या चित्रमालिकांतील नायकाच्या हाती मात्र घटनेची दोरीच येते. पाहणाऱ्यावर जबाबदारी नसते, करणाऱ्यावर असते. आणि म्हणूनच मुले ज्यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहतात त्या कथांत मला नीतीचे गहन प्रश्न दिसले.

प्रथम एक हलकेफुलके उदाहरण घेऊ. यासुताका त्सुत्सुई यांच्या जुन्या कादंबरीचा धागा पुढे नेऊन मामोरू होसोदा यांनी २००६ साली ‘काळाला ओलांडणारी मुलगी’ हा चित्रपट काढला. त्यातील माकोतो या शाळकरी मुलीला काळात मागे उडी घेण्याची शक्ती लाभते. ती या शक्तीचे काय करते? बहिणीने खाल्लेले पुडिंग आपण आधीच खाऊन टाकते. चाचणीत चांगले गुण मिळविते. गाण्याचा तास हवा तितका लांबविते. आपल्यापैकी कोणीही हेच केले असते! परंतु पाकशाळेतील एका फजितीतून ती स्वतःला सोडविते, तेव्हा ती फजिती वर्गातील दुसऱ्या एका मुलाच्या वाट्याला जाते आणि तो इतरांच्या छळाचा विषय होतो. तिला लाभ झाला. किंमत कोणी मोजली हे तिच्या ध्यानातही आले नाही. भूतकाळ बदलू पाहणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न येथे सापडतो. माझ्या सुखाचे मोल कोणाच्या खात्यावर पडणार आहे?

‘स्टाइन्स गेट’ या २०११ सालच्या मालिकेत हाच प्रश्न उग्र रूप धारण करतो. टोकियोच्या अकिहाबारा भागात राहणारा ओकाबे नावाचा तरुण विद्यार्थी आणि त्याचे सोबती यांना भूतकाळात लहानसा संदेश पाठविण्याची युक्ती साधते. प्रत्येक मित्र आपल्या मनातील एकेक सल दूर करून घेतो. फेरिस नावाच्या मुलीचे वडील विमान-अपघातात गेलेले असतात. तिच्या एका संदेशामुळे ते त्या विमानात बसतच नाहीत, आणि गेलेला पिता घरात पुन्हा वावरू लागतो. मुलीने असे मागितले यात काय चुकले? काहीच नाही. परंतु या सर्व फेरफारांच्या शेवटी ओकाबेची बालमैत्रीण मायुरी मरण पावते. तो कितीही वेळा मागे गेला, तरी कोणत्या ना कोणत्या वाटेने मृत्यू तिला गाठतोच. तिला वाचवावयाचे, तर मित्रांनी मिळविलेले एकेक सुख परत घेतले पाहिजे. फेरिसला आपला पिता दुसऱ्यांदा गमवावा लागतो.

येथे मला एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटली. ओकाबे तिच्यावर बळजबरी करीत नाही. तो सत्य सांगतो, आणि निर्णय तीच घेते. भूतकाळ हा काही एकट्याच्या मालकीचा नसतो. ज्याचे आयुष्य आपण बदलणार, त्याला विचारल्यावाचून बदलणे म्हणजे उपकाराच्या नावाखाली केलेली चोरीच होय. हा दुसरा प्रश्न.

आता काही विचारी वाचक म्हणतील की, एवढे सगळे धोके असतील तर भूतकाळाला हात न लावणेच शहाणपणाचे. जे झाले ते बऱ्यासाठीच झाले. मला हे मत मान्य नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून ‘बऱ्यासाठीच झाले’ म्हणणे फार सोपे असते; ज्याचे लेकरू गेले त्याच्यापुढे उभे राहून हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य कोणाला होईल? दुःखातून मनुष्य घडतो हे खरे. म्हणून कोणाचे टाळता येण्याजोगे दुःख तसेच राहू द्यावे हे खरे नव्हे. या मताला सर्वांत चांगले उत्तर ज्या मालिकेत मिळाले तिचा विचार थोडा विस्ताराने करते.

केई सान्बे यांच्या चित्रकथेवर आधारलेल्या आणि २०१६ च्या आरंभी बारा भागांत दाखविलेल्या या मालिकेच्या मूळ जपानी नावाचा अर्थ ‘केवळ मीच नसलेले गाव’ असा होतो. सातोरू हा २९ वर्षांचा अविवाहित तरुण. चित्रकथाकार होण्याची आशा मावळलेली, पोटासाठी घरोघर पिझ्झा पोहोचविणारा. एखादे अरिष्ट घडणार असले की, तो आपोआप काही मिनिटे मागे जातो. २००६ साली त्याच्या आईचा खून होतो, आणि या वेळी तो मिनिटे नव्हे, एकदम अठरा वर्षे मागे फेकला जातो. फेब्रुवारी १९८८, होक्काइदोतील बर्फाचे दिवस, अंगावर पाचवीतल्या मुलाचे शरीर आणि आत प्रौढ मन. त्याच हिवाळ्यात त्याच्या वर्गातील कायो नावाची मुलगी नाहीशी होऊन मारली गेली होती. त्या संध्याकाळी ती बागेत एकटी उभी असलेली सातोरूने पाहिली होती, आणि हाक न मारता तो घरी निघून गेला होता.

कायोच्या अंगावर वळ असतात. घरी तिला मार खावा लागतो, हे वर्गात कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. पण लक्षात येणे आणि लक्ष देणे यांत अंतर असते. वर्गाच्या लेखसंग्रहात तिचा एक निबंध असतो. मोठी झाल्यावर आपण दूर एका निर्मनुष्य बेटावर जाऊ आणि आपण नसलेल्या या गावाचा विचार करू, असा त्याचा आशय. सातोरू तो वाचतो, आणि यावेळी समजून वाचतो.

गंमत अशी की, पहिल्या प्रयत्नात त्याला अपयश येते. तो तिच्याशी मैत्री जोडतो, ठरलेली घातक तारीख टळली म्हणून निःश्वास टाकतो. आणि तरीही ती जातेच. का? कारण त्याने तारीख बदलली, परिस्थिती बदलली नव्हती. कायो त्याच घरात, त्याच मारहाणीत राहिली होती. दुसऱ्या खेपेस तो आपल्या मित्रांना विश्वासात घेतो. मुले तिला एका मोडक्या बसमध्ये लपवून ठेवतात. सातोरूची आई तिला घरी आणून गरम न्याहारी वाढते, आणि ते साधे ताट पाहून त्या मुलीला रडू कोसळते. पुढे बालकल्याण खात्याची माणसे येतात, आजी येते, आणि कायो त्या घरातून सुटते. गुन्हेगार कोण, हे सांगून मी रसभंग करीत नाही. सातोरूला मात्र याची किंमत मोजावी लागते. त्या गुन्हेगाराच्या हातून तो मरता मरता वाचतो आणि पंधरा वर्षे बेशुद्धीत काढतो. जागा होतो तेव्हा कायो दुसऱ्याची पत्नी आणि एका बाळाची आई झालेली असते. सातोरू तिच्यावर हक्क सांगत नाही. येथे लाभ दुसऱ्याचा आहे आणि किंमत त्याने स्वतः मोजली आहे. माकोतोच्या उदाहरणाच्या नेमके उलट.

आता विचार करा. कायोला वाचविले कशाने? काळात मागे जाण्याच्या शक्तीने? त्या शक्तीने सातोरूला केवळ दुसरी संधी दिली. प्रत्यक्ष वाचविले ते एका हाकेने, दोन-तीन मित्रांच्या सोबतीने, एका थाळीभर न्याहारीने आणि मोठ्या माणसांनी वेळेवर ठोठावलेल्या दाराने. यांतील एकाही गोष्टीला चमत्कार लागत नाही. ही सर्व कृत्ये पहिल्याच खेपेस करता आली असती.

हे लिहिताना माझे हात थोडे कापतात, कारण मी यातून मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत असताना तेथेही वार्षिक अंकाचे काम माझ्याकडे होते. आठवीतील एका मुलाने ‘माझी सुट्टी’ या विषयावर निबंध दिला. त्यात लिहिले होते की, त्याला सुट्टी नकोशी वाटते; शाळेत घंटेवरून पुढे काय होणार ते कळते, घरी केव्हा काय सुरू होईल ते कळत नाही. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि तांबड्या शाईने शेरा मारला, ‘विषयास धरून नाही. सुट्टीतील आनंदाचे वर्णन करा.’ मनात कोठेतरी टोचले होते. याला एकदा विचारले पाहिजे असे वाटलेही होते. पण माझ्या आईच्या कोकणीत एक मोठा सोयीचा शब्द आहे, ‘फाल्यां’. उद्या. तो आज्ञाधारक मुलगा दुसऱ्या दिवशी नवा निबंध घेऊन आला. त्यात आंबे होते, समुद्र होता, मामाचे गाव होते. तोच आम्ही छापला, आणि त्याची वाहवाही झाली. सुट्टीनंतर मुलगा शाळेत आला नाही. घरातील रोजच्या मारहाणीला कंटाळून त्याची आई मुलांना घेऊन निघून गेली होती, असे पुढे कानांवर आले. तो पुन्हा कोठल्या शाळेत गेला की नाही, ते मला कधीच कळले नाही.

तेव्हा मागच्या बाकावरील माझ्या मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मला मागे जावयास मिळाले, तर मी त्या मुलाचे वडील बदलू शकणार नाही, त्याचे घरही नाही. मी तो पहिला निबंध शाई न लावता पुन्हा एकदा वाचीन, आणि मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारीन, “घरी काय होते रे?” सांगायचे की नाही, हे त्याच्यावर सोडीन. एवढाच बदल. आणि तो करण्याची संधी मला मागे नाही, पुढे आहे. कारण तुम्हां मुलांचे निबंध आजही माझ्या टेबलावर येतात.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, या मालिका अवश्य पाहा, पण नायकाच्या शक्तीचा हेवा करू नका. त्याच्या दृष्टीचा करा. तुमच्या वर्गात एखादा सोबती डबा उघडीत नसेल, घरी जाण्याची वेळ झाली की रेंगाळत असेल, तर त्याला हाक मारा. तुमच्या हातून निस्तरणार नाही असे काही आढळले, तर मोठ्यांना सांगा; ते ऐकत नसतील, तर मुलांच्या साहाय्यासाठी देशभर चालणारा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक ध्यानात ठेवा. पालकांस विनंती आहे की, शेजारच्या घरातील रडणे हे ‘त्यांचे घरगुती’ म्हणून सोडून देऊ नये.

या वर्षीच्या अंकासाठी आलेला प्रत्येक निबंध मी दोनदा वाचला आहे. पहिल्यांदा वाचताना तांबडी लेखणी खणात ठेवली होती. दोघा मुलांना मी भेटावयास बोलाविले आहे. उद्या नव्हे, आजच.